गिनीपिगसाठी वाळलेलं गवत: विकतचं टिमोथी की आपल्या धुऱ्यावरचं (शेताच्या बांधावरचं)?

अमराई | १४ सप्टेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नणंदेची नागपूरहून बदली झाली आणि तिच्याकडचे दोन गिनीपिग पिंजऱ्यासकट आमच्या घरी आले. चिंगी आणि भुरी. दोघी माद्या, वय दीड वर्ष. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी पाचवीत आहे आणि सध्या तिला आमच्यापेक्षा या दोघींची काळजी जास्त.

नणंदेने जाताना टिमोथी गवताचं एक किलोचं पाकीट दिलं आणि बजावलं, "वहिनी, बाकी काही कमी-जास्त झालं तरी चालेल, गवत मात्र चोवीस तास समोर पाहिजे." अकरा दिवसांत पाकीट संपलं. ऑनलाइन मागवलं तर किलोला सातशे ऐंशी रुपये, कुरिअरचे वेगळे. कुरिअरवाला दारव्ह्याच्या पुढे येत नाही, म्हणून यांना गाडीवर जाऊन आणावं लागलं. महिन्याला तीन किलो धरले तर अडीच सिलिंडरचे पैसे झाले.

पण खरं सांगू का, पैशांपेक्षा दुसरंच खुपतंय. शाळेच्या कुंपणापासून नाल्यापर्यंत गवतच गवत उभं आहे आणि मी परदेशी पाकिटातलं वाळकं गवत चिमटीचिमटीने पुरवून घालतेय! शेजारचे काका म्हणतात, सोयाबीन निघू द्या, कुटाराचा (मळणीनंतरच्या भुशाचा) ढीग लावून देतो. सासरे म्हणतात कडबा द्या. शाळेतले शिपाईमामा धुऱ्यावरचा भारा आणायला एका पायावर तयार. यातलं काय चालेल, काय नाही? कुणी पाळले असतील तर सांगा.

पऱ्हाटी | १४ सप्टेंबर, रात्री १०.१५

काय राजेहो! गवत इकत घेता, थेबी परदेशातलं, अन् थेबी आपल्या इदर्भात बसून! आमच्या धुऱ्यावर कंबरभर उभं हाय. गाडी घेऊन या, चाराने बी नोका देऊ.

(हे गिनीपिग म्हंजे उंदीरच ना वो ताई? आमी तं त्याइले घरातून हाकलतो.)

ढोरांचा_डॉक्टर | १५ सप्टेंबर, सकाळी ७.०५

पशुवैद्य आहे, नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकलो, सध्या वर्धा जिल्ह्यात नोकरी. दिवसभर गाई-म्हशी-बकऱ्या असतात. गिनीपिग वर्षाकाठी दोन-तीन येतात, आणि त्यातले निम्मे गवत न मिळाल्यामुळेच येतात.

पऱ्हाटीभाऊ, कृंतक म्हणजे कुरतडणारा प्राणी, त्या अर्थी उंदराचा लांबचा भाऊबंद खरा. पण उंदीर काहीही खाऊन जगतो, गिनीपिग पूर्णपणे चाऱ्यावर. पोटाच्या बाबतीत त्याला छोटं घोडंच समजा. त्याचे सगळे दात, पुढचे आणि दाढासुद्धा, जन्मभर वाढत राहतात. लांब धाटाचं गवत आडवं चघळून चघळूनच ते झिजतात. पाकिटातल्या खाद्याच्या गोळ्या खाऊन दाढा झिजत नाहीत. त्या वाढून जिभेवर कमान धरतात आणि जनावर भूक असून उपाशी राहतं. दुसरं म्हणजे आतडं. तंतू सतत खाली सरकत राहिले तर आतडं चालतं. बारा तास काहीच खाल्लं नाही तर काळजी करायची, चोवीस तासांची वाट पाहत बसायचं नाही.

आता टिमोथीचं. टिमोथीत जादू काही नाही. ते थंड प्रदेशातलं गवत आहे, आपल्याकडे होत नाही. ते चालतं याचं कारण त्यात तंतू भरपूर, प्रथिनं आणि कॅल्शियम बेताचं. हे गुण ज्या गवतात सापडतील ते चालेल.

ताई, तुम्ही विचारलेल्यांपैकी सोयाबीनचं कुटार नको. त्यात धूळ फार, शेंगांची टोकं टोचतात, आणि काढणीपर्यंत त्यावर काय काय मारलेलं असतं ते शेतकऱ्यालाच विचारा. हरभरा-तुरीचं कुटारही द्विदल पिकांचंच, कॅल्शियम जास्त. ज्वारीचा कडबा पक्क्या पिकाचा असेल तर चघळायला एखादं कांडं द्या, मुख्य खाणं म्हणून नको. कोवळी ज्वारी किंवा तिचे फुटवे तर अजिबात नकोत. त्यात सायनाइडचं विष तयार होतं, धडधाकट बैल त्याने तासाभरात आडवे होतात.

आणि एक फसवं नाव लक्षात ठेवा: लसूणघास. नावात घास आहे, पण ते गवत नाही, द्विदल आहे. बरसीमही तसंच. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं आणि गाभण मादी यांना ठीक. मोठ्यांना रोज दिलं तर लघवीत पांढरी पूड दिसायला लागते आणि पुढे मूतखडा होतो.

तर्रीपोहे | १५ सप्टेंबर, सकाळी १०.३०

डॉक्टर, सुबाभूळ? आमच्या कॉलनीत भरपूर आहे, बकऱ्या आवडीने खातात.

ढोरांचा_डॉक्टर | १५ सप्टेंबर, दुपारी २.२०

नको. त्यात मिमोसिन नावाचं विषारी द्रव्य असतं. बकऱ्यांच्या पोटातले जिवाणू ते पचवायला शिकतात, सशा-गिनीपिगचे केस गळतात. नेपियर म्हणजे हत्तीगवत, तेही रोजचं नको, ऑक्झलेट नावाचं अपायकारक द्रव्य जास्त. आणि गाजरगवत तर नावालाच गवत. ते सूर्यफुलाच्या कुळातलं तण आहे, १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा आढळलं आणि आता एकही धुरा त्यातून सुटलेला नाही. भाऱ्यात त्याची एक काडीही असली तर भारा परत करा. बेशरम आणि रायमुनिया ही विषारी झुडपंही तशीच बघून काढा.

कोरडवाहू | १५ सप्टेंबर, रात्री ८.५०

माफ करा, पण राहवत नाही म्हणून लिहितो. मागच्या उन्हाळ्यात वैरण पुरली नाही म्हणून आम्ही बैलजोडी अर्ध्या किमतीत विकली. गावात त्या महिन्यात आणखी चार जोड्या गेल्या. आणि इथे उंदरांच्या गवताला किलोला आठशे रुपये! ज्याचं त्याचं, मला काय. पण वाचून बरं नाही वाटलं.

अमराई | १५ सप्टेंबर, रात्री ९.३०

दादा, तुम्ही बोललात ते लागलं, पण खोटं नाही. माझ्या वर्गातल्या तिघांच्या घरी हेच झालंय. म्हणूनच विकतचं सोडून इथलं काहीतरी शोधतेय, आणि कुणाच्या ढोरांच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही हेही ठरवलंय.

ढोरांचा_डॉक्टर | १५ सप्टेंबर, रात्री ९.५५

फक्त हिशोब म्हणून सांगतो. सांडलवंड धरून दोन गिनीपिगना वर्षाला चाळीस-पन्नास किलो वाळलेलं गवत पुरतं. एक बैल तेवढं आठवड्याभरात खातो.

कोरडवाहू | १५ सप्टेंबर, रात्री १०.१०

इतकं कमी? मग बोलणं थोडं मागे घेतो. थोडंच.

पऱ्हाटी | १६ सप्टेंबर, सकाळी ६.१०

परवा रात्री मस्करी केली, आता कामाचं बोलतो. ताई, माह्या धुऱ्यावरचं गवत नोका नेऊ. मीच नाई म्हणतो. काल रात्री झोपताना इचार आला, अन् सकाई उठून पाह्यलं तं आमच्या पोट्ट्यानं दोन दिवसाआधीच पऱ्हाटीवर, म्हंजे कपाशीवर, फवारा मारला. वारा पच्छिमेकडून होता, म्हंजे सारा धुऱ्यावर. धुऱ्याच्या कडेनं तननाशक मारलं थे अलग.

२०१७ साली आपल्याच यवतमाय जिल्ह्यात फवारनीच्या इषबाधेनं वीसच्या वर मानसं गेली. मानसायचं असं होते, तं थ्या किलोभराच्या जीवाचं काय? पऱ्हाटी-सोयाबीनच्या वावरातलं धुऱ्याचं गवत आमी आमच्या वासरालेबी पंधरा दिवस चारत नाई.

गवत पायजे तं फवाऱ्यापासून दूर पाहा. गावाच्या ई-क्लासवर (गायरानात), टेकडीच्या उतारावर, नाई तं ज्याच्या वावरात दोन वर्सापासून पीकच नाई अशाच्या इथं. पन मालकाले इचारून. अन् जंगलातलं असन तं गार्डाले इचारून, नाई तं भाऱ्यासंगं तुमालेच बसोतीन.

झाडीपट्टी | १६ सप्टेंबर, दुपारी १.००

मी भंडारा जिल्ह्यातली. आमच्याकडे तणसाचे (भाताच्या पेंढ्याचे) डोंगर असतात. पांढरा उंदीर आणि दोन गिनीपिग पाळून सहा वर्षं झाली. तणस पिंजऱ्यात अंथरायला एक नंबर. मऊ, कोरडं, फुकट. पण खायला देऊन पोट भरेल या भ्रमात राहू नका. त्यात सिलिका फार आणि सत्त्व नाहीच. मी पहिल्या हिवाळ्यात फक्त तणस आणि भाजी दिली. दर रविवारी किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करायचे (दुकानदार भला माणूस). महिन्यात मोठा नर ९४० ग्रॅमवरून ८१० वर आला. पोट मात्र टम्म, त्यामुळे बघणाऱ्याला वाटायचं छान खातोय. वजन केलं नसतं तर कळलंच नसतं.

वांग्याचं_भरीत | १६ सप्टेंबर, रात्री ९.००

बुलढाण्याहून. माझ्याकडे ससे आहेत (ससा कृंतकात मोडत नाही हे माहीत आहे, धागा बंद करू नका). कुसळाबद्दल लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर टेकडीवरचं पिवळं गवत आणलं. दिसायला सोन्यासारखं. चार दिवसांनी एका सशाच्या गालाखाली लिंबाएवढी गाठ. वाटलं दाढ असेल. डॉक्टरांनी चीर दिली तर पुवात काळं, पिळवटलेलं, केसासारखं कुसळ निघालं. गालातून आत शिरून तिथे बसलेलं. कुसळी गवताचं हे बी ओलं झालं की पीळ सोडत आणि वाळलं की पीळ घेत फिरतं, जमिनीत स्क्रूसारखं घुसण्यासाठीच ते तसं असतं. जमीन नाही मिळाली तर गाल, डोळा, जे मिळेल ते. मुसळाची म्हण लिहिणाऱ्याला कुसळाचा अनुभव नसावा. मला तर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळसुद्धा आता मोठंच वाटतं.

पऱ्हाटी | १७ सप्टेंबर, सकाळी ६.३०

भरीतभाऊ, गवत खराब नोयतं, टाइम खराब होता. कुसई गवतबी कुसय धरायच्या आधी कापलं तं ढोरं खातेत. आमचे बुडे म्हनत, गवत पोया झाल्यावर पाहावं अन् दसऱ्याच्या आत घरात घ्यावं. दिवाळीनंतर कापतो थे गवत नाई, खराट्याच्या काड्या.

मारवेल भेटलं तं डोये झाकून घ्या. पातय धाट, पानं जास्त, अन् कोवयं असलं तं ढोर दुसरं तोंडात घेत नाई. पवना थ्याच्या खालोखाल. तिखाडी नोका घेऊ. हातात चुरगाया, तेलाचा वास आला का टाकून द्या. हरायी चांगली, पन पोत भरासाठी दिवस जाते.

ढोरांचा_डॉक्टर | १७ सप्टेंबर, सकाळी ९.१५

पऱ्हाटीभाऊंनी पुस्तकातलंच सांगितलं, फक्त सोप्या भाषेत. फुलोऱ्यावर येताना गवतात पानं आणि सत्त्व जास्त असतं. बी पडलं की सगळं धाटात उरतं आणि धाट लाकडासारखं होतं. अडचण एकच, नेमके तेच दिवस पावसाचे.

अमराई | १२ ऑक्टोबर, रात्री १०.२०

हरले. सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाची फजिती व्हायला नको.

गावाच्या ई-क्लासच्या वरच्या अंगाला मारवेलचा एक पट्टा सापडला. ग्रामपंचायतीत विचारलं, सरपंच हसले आणि "न्या" म्हणाले. ३ तारखेला शिपाईमामा आणि मी दोघांनी मिळून दोन भारे कापले. गच्चीवर पातळ पसरलं. दोन दिवस ऊन, हिरवंगार वाळायला लागलं, वास असा सुटला की सासऱ्यांना त्यांच्या लहानपणचा गोठा आठवला. तिसऱ्या दिवशी शाळेत असताना परतीचा पाऊस आला. घरी कुणी नव्हतं. भिजलेलं परत वाळवलं, आणि वरून कोरडं लागलं म्हणून घाईघाईत चुंगडीत (पोत्यात) भरलं.

चार दिवसांनी चुंगडी उघडली. मधोमध हात घातला तर कोमट! आणि झटकल्यावर पांढरी धूळ. तरी वरवरचं चांगलं दिसतंय म्हणून मूठभर घातलं. दुसऱ्या दिवशी भुरी शिंकायला लागली, आणि संध्याकाळपासून खाणं बंद. तालुक्याच्या एका औषधाच्या दुकानात विचारलं, त्याने लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप काढून दिलं, "दोन थेंब पाजा" म्हणून. पाजायच्या आधी इथे विचारतेय. बाटलीवर अमॉक्सिसिलिन लिहिलंय.

ढोरांचा_डॉक्टर | १२ ऑक्टोबर, रात्री १०.२६

पाजू नका. बाटली बाजूला ठेवा. पेनिसिलिनच्या घरातली औषधं गिनीपिगला तोंडाने दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जनावर जातं. व्यक्तिगत निरोपात माझा नंबर टाकलाय, आत्ता फोन करा. तोपर्यंत ते सगळं गवत घराबाहेर काढा.

अमराई | १५ ऑक्टोबर, रात्री ८.००

भुरी बरी आहे. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे खाद्याच्या गोळ्या पाण्यात कालवून पिचकारीने दर दोन-तीन तासांनी भरवल्या, रात्रीचे गजर लावून. तिसऱ्या दिवशी पहाटे लेंड्या दिसल्या आणि मुलीने घरभर जाहीर केलं. लेंड्या बघून इतका आनंद व्हावा असे दिवस आलेत. वर्ध्याला नेऊन दाखवूनही आणलं. छाती साफ आहे म्हणाले.

राहिलेलं टिमोथीचं पाकीट उघडलंय. सातशे ऐंशी रुपये आज महाग वाटले नाहीत.

ढोरांचा_डॉक्टर | १५ ऑक्टोबर, रात्री ९.१०

बुरशीचं गवत वाळवून सुधारत नाही, ते फेकायचंच. ढोरांनाही घालू नका.

चुंगडीत भरण्याआधी एक घरगुती पारख करायची. काचेच्या कोरड्या बरणीत मूठभर गवत कापून टाका, वर दोन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून दोन मिनिटं खळखळून हलवा. मीठ सुटंच राहिलं तर ओलावा पंधरा टक्क्यांच्या आत, भरायला हरकत नाही. काचेला चिकटलं किंवा गोळा झालं तर अजून एक ऊन द्या. आपल्याकडच्या पावसाळी हवेत मीठ आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर मीठच ओलं असतं आणि गवताला दोष जातो. गवत थोडं वाळलं की पुढचं वाळवणं सावलीत, वाऱ्यावर. कडक उन्हात पानं चुरा होऊन जातात आणि उरतात नुसत्या काड्या.

चुंगडी कशाची होती? खताची असेल तर तीही नको. धान्याचं धुतलेलं तागाचं पोतं घ्या, जमिनीपासून वर, घुशी-उंदरांपासून दूर. डांबरगोळ्या नको.

तर्रीपोहे | १६ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

मीही कबूल करतो. मागच्या एप्रिलमध्ये कूलरच्या ताट्या बदलल्या तेव्हा दुकानातून "कूलरचं गवत" दोन बंडल जास्त आणलं आणि हॅमस्टरच्या पिंजऱ्यात टाकलं. आपण सगळे त्याला गवतच म्हणतो ना! मग बायकोने (ती इंटिरियरचं काम करते) सांगितलं की अरे तो लाकडाचा कीस आहे. हॅमस्टरने गालात भरून घेतला होता, नशिबाने टोचला नाही. जुन्या वाळ्याच्या ताट्या असत्या तर निदान वास तरी चांगला आला असता.

हॅमस्टरला गवत लागतं का, हेही एकदा सांगा कुणीतरी.

झाडीपट्टी | १६ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

हॅमस्टरचं, उंदरांचं पोट गवतावर नाही. त्यांना घरटं करायला मऊ गवत मूठभर पुरे. जाड, टोकदार काड्या मात्र काढून टाका, गालाच्या पिशव्या फाटतात.

कोरडवाहू | १९ ऑक्टोबर, रात्री ९.००

हा धागा मी का वाचतोय माहीत नाही, पण वाचतोय. ताई, तुम्ही पावसाशी कुस्ती का खेळता? रब्बीत ओट लावा. दूधवाले लावतात, केंट नावाचं वाण आहे. हेक्टरी शंभर किलो बी, म्हणजे गुंठ्याला एक किलो. दिवाळीच्या आसपास पेरायचा, चार-पाच पाणी द्यायचे, अडीच महिन्यांत फुलोऱ्यावर येतो. जानेवारीच्या शेवटी आपल्याकडे आभाळ कोरडं, हवा कोरडी. तीन दिवसांत खडखडीत वाळतं. गुंठ्यातून हिरवा चारा चार क्विंटल निघतो, वाळून पाचवा हिस्सा धरा. अर्ध्या गुंठ्यातही तुमच्या दोघींचं वर्ष निघेल. कुणाच्या ढोराच्या तोंडचंही जाणार नाही.

ढोरांचा_डॉक्टर | १९ ऑक्टोबर, रात्री ९.४५

कोरडवाहू, तुम्हाला चहा माझ्याकडून. मला हे सुचायला हवं होतं. ओट गिनीपिगला उत्तम. दोन पथ्यं: दाणा भरायच्या आत कापा, आणि युरिया हात आखडून टाका. जास्त नत्र घातलं की चाऱ्यात विषारी नायट्रेट साठतं. फवारणी अर्थातच नाही.

पऱ्हाटी | २० ऑक्टोबर, सकाळी ६.००

चहा काऊन, थ्याले बैलजोडी द्या.

अमराई | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

शेजारच्या काकांनी विहिरीजवळचा अर्धा गुंठा दिला. बी अर्धा किलो, साठ रुपये. मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी पेरलं, त्यामुळे ओळी शाळेच्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या वाकड्या. तोवर टिमोथी आणि झाडीपट्टीताईंनी एसटीने पाठवलेलं दोन किलो वाळलेलं मारवेल (त्यांनी पावसाआधी साधलेलं) मिसळून चालू आहे. तणस खाली अंथरायला. त्याबद्दल पुन्हा एकदा आभार.

एक विचारायचं राहिलं. क जीवनसत्त्वासाठी संत्रं देऊ का? नणंद पेटीच पाठवतेय.

ढोरांचा_डॉक्टर | १० नोव्हेंबर, सकाळी ७.३०

संत्री तुम्ही खा. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही हे खरं, आणि वाळलेल्या गवतातून ते मिळत नाही हेही. पण संत्र्यात साखर आणि आंबटपणा जास्त. रोज ढोबळी मिरचीचा एक काप, कोथिंबीर, कधी पेरूची फोड. संत्र्याची एखादी फोड आठवड्यातून, नणंदेचं मन राखायला.

अमराई | २ फेब्रुवारी, रात्री ९.००

आकडे देते, कारण सुरुवात आकड्यांनीच झाली होती.

२३ जानेवारीला ओट कापला. फुलं बाहेर आली होती, दाण्यात अजून दूधही नव्हतं. काकांनी माझा डोळा चुकवून युरियाची एक मूठ टाकलीच होती, पण ती पहिल्या पाण्यालाच. गच्चीवर एक दिवस ऊन, दोन दिवस व्हरांड्यात दोरीवर पेंढ्या टांगून. मीठ-बरणी केली, मीठ सुटं. तागाच्या तीन पोत्यांत मिळून २७ किलो भरलं. कोरडवाहूदादांच्या हिशोबापेक्षा कमी, कारण एका कोपऱ्यात बकरी शिरली होती. बी, पोती आणि शिपाईमामांची एका दिवसाची मजुरी धरून सहाशे चाळीस रुपये. म्हणजे सगळं वर्षाचं नाही, पण सात महिन्यांचं गवत एक किलो टिमोथीच्या पैशांत.

एकदम बदललं नाही. पहिले चार दिवस टिमोथीत मूठभर, मग निम्मं-निम्मं, बाराव्या दिवशी पूर्ण ओट घालायचं ठरलंय, आज आठवा. चिंगी ९१० ग्रॅम, भुरी ८७०, दोघींचं वजन जागेवर आहे. चिंगी आधी पानं खाते, भुरी धाटं ओढून बसते, आणि दोघींनी टाकलेलं तिसरी कुणी खात नाही, ते खतात जातं.

पोत्याची सुतळी सोडायला गेलं की सुतळीच्याच आवाजाने दोघी शिट्टी मारतात, कुकरसारखी. सासरे परवा दोनदा गॅस बंद करायला उठले.

पऱ्हाटी | ३ फेब्रुवारी, सकाळी ६.२०

ताई, बी उरलं का? पोट्टीनं कालपासून सशाचं टुमणं लावलं हाय. पुढच्या रब्बीत टाकून पाहीन म्हनतो, फवाऱ्यापासून दूर.

अमराई | ३ फेब्रुवारी, रात्री ८.४०

बी सगळं पेरलं भाऊ. पण बकरीने सोडलेल्या कोपऱ्यात आठ-दहा रोपं बियाण्यासाठी ठेवलीत. पिकली की पुडी बांधून ठेवते, दारव्ह्याला बाजाराच्या दिवशी न्या.